होपींचे पठार आणि त्यांचा चित्रकार

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस अ‍ॅरिझोना नावाचे राज्य आहे. तेथे कोलोरॅडो नदीने युगानुयुगे खडक कोरून निर्माण केलेली ‘ग्रँड कॅन्यन’ ही महादरी पाहावयास जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक जातात. आणि ज्यांची मुले अगर नातवंडे त्या देशी राहतात, अशा आपल्याकडील घरांतील वडीलधारी माणसेही अलीकडे हा प्रवास करू लागली आहेत. दरीच्या दक्षिण काठाने पूर्वेकडे गेले असता ‘डेझर्ट व्ह्यू’ नामक ठिकाणी सत्तर फूट उंचीचा एक दगडी मनोरा लागतो. बाहेरून तो एखाद्या पुरातन गढीचा बुरूज वाटतो. वस्तुतः तो १९३२ साली मेरी कोल्टर या वास्तुविशारद बाईंनी त्या प्रदेशातील प्राचीन बांधकामांचा अभ्यास करून मुद्दाम तशा धर्तीवर बांधविलेला आहे.

बहुतेक प्रवासी मनोऱ्याच्या खिडक्यांतून बाहेर पाहतात व खाली उतरतात. परंतु जो घटकाभर आतील भिंतींकडे वळून पाहील त्यास तेथे एक वेगळेच जग दिसेल. त्या भित्तिचित्रांत एक कथा चितारली आहे. नदी वाहत वाहत जाते तरी कोठे, हे पाहावे अशी एका तरुणास इच्छा झाली; पोकळ लाकडाच्या पेटीत बसून तो प्रवाहाबरोबर गेला; दूरदेशी नागलोकांस भेटला; तेथील कन्येशी विवाह करून व पाऊस पाडण्याचा विधी शिकून घरी परतला. ज्या नदीची ही कथा, तीच नदी त्या मनोऱ्याच्या पायथ्याच्या दरीतून आजही वाहत आहे. ही चित्रे काढणारे गृहस्थ म्हणजे होपी जमातीचे चित्रकार फ्रेड कबोटी होत. त्यांची खरी कीर्ती मात्र या भित्तिचित्रांहूनही कागदावरील जलरंगांत काढलेल्या लहान लहान चित्रांवर उभी आहे. त्या चित्रांचे विषय म्हणजे होपींच्या धर्मविधींतील ‘कात्सिना’. ते समजून घ्यावयाचे तर मनोरा सोडून पूर्वेकडचा रस्ता धरला पाहिजे.

हा रस्ता कॅमेरॉन, ट्यूबा सिटी अशी गावे घेत ओसाड, तांबूस प्रदेशातून जातो. सभोवार नाव्हाहो लोकांचा विस्तीर्ण राखीव प्रदेश पसरलेला असून होपींची भूमी त्याच्या पोटात बेटासारखी आहे. मैलोगणती सपाटी ओलांडल्यावर उत्तरेकडून आलेल्या एका मोठ्या पठाराची बोटांसारखी टोके दिसू लागतात. त्यांस स्पॅनिश शब्दाने ‘मेसा’ म्हणतात. पहिला, दुसरा व तिसरा मेसा अशी त्यांची नावे असून माथ्यांवर आणि पायथ्यांशी होपींची गावे वसलेली आहेत. तिसऱ्या मेसावरील ओराइबी हे गाव सुमारे बाराव्या शतकापासून अखंड वसलेले असल्यामुळे अमेरिकेतील सर्वांत जुन्या वस्त्यांत त्याची गणना होते. घरे दगडाची, खडकाच्याच रंगाची. दुरून पाहता खडक कोठे संपला आणि घर कोठे सुरू झाले हे कळू नये अशी.

समुद्रसपाटीपासून सुमारे सहा हजार फूट उंचीच्या या भूमीवर जवळपास बारमाही वाहणारी नदी नाही. वर्षाचा पाऊस दहा इंचांच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. अशा ठिकाणी होपी लोक शेकडो वर्षे मका पिकवीत आले आहेत. ओल खोलवर असते म्हणून ते बी वीतभर खोल, काठीने भोक पाडून टोकतात आणि दोन ठोंबांत ऐसपैस अंतर ठेवतात. पीक मानवी कष्टाने येते, पण पावसावाचून कष्ट फुकट जातात, हे त्यांस पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्यांचा धर्म या एका जाणिवेभोवती गुंफलेला आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या धर्मातील कात्सिना म्हणजे देव नव्हेत. त्यांस देव व मानव यांमधील दूत म्हणणे अधिक बरोबर होईल. ते मेघांच्या, पूर्वजांच्या, प्राण्यांच्या व वनस्पतींच्या रूपांनी येतात आणि माणसांच्या प्रार्थना पर्जन्यदेवतांकडे नेतात. त्यांचे निवासस्थान म्हणजे फ्लॅगस्टाफ शहराजवळील, साडेबारा हजार फुटांहून उंच असलेली सॅन फ्रान्सिस्को शिखरे. हिवाळ्यातील सूर्याच्या अयनसमयाच्या सुमारास कात्सिना गावांत येऊ लागतात. फेब्रुवारीत ‘पोवामू’ नावाच्या उत्सवात, बाहेर कडाक्याची थंडी असता, ‘किवा’ म्हणून जी भूमिगत पूजागृहे असतात त्यांच्या उबेत उगवलेले घेवड्याचे कोंब वाटले जातात. आणि जुलैच्या सुमारास ‘निमान’ या उत्सवात निरोप घेऊन ते आपल्या पर्वतावर परत जातात. कात्सिनांचे प्रकार दोनशेंहून अधिक आहेत. मुलींस त्यांच्या लाकडी प्रतिमा मिळतात. त्या कॉटनवुड नामक झाडाच्या मुळापासून कोरलेल्या असून, बाजारात त्यांस बाहुल्या म्हटले जात असले तरी, होपींच्या लेखी ते खेळणे नव्हे. ठरावीक वयात मुलांस दीक्षा मिळते आणि तेव्हा त्यांस कात्सिनांविषयी काही अधिक सांगितले जाते. ते काय, हे परक्यांच्या पुस्तकांत छापलेले आहे. परंतु जे ज्ञान त्या लोकांनी दीक्षेपर्यंत राखून ठेवले आहे ते या पानांत मांडण्याचे कारण नाही.

अशा या भूमीत, दुसऱ्या मेसावरील शुंगोपावी गावी, इ. स. १९००च्या सुमारास फ्रेड कबोटी यांचा जन्म झाला. त्यांचे होपी नाव नाकावोमा; दिवसामागून दिवस उगवत राहणारा सूर्य असा त्याचा आशय आहे. आजोबा त्यांस लाडाने ‘उद्या’ अशा अर्थाच्या होपी शब्दाने हाक मारीत, आणि शाळेत त्याच शब्दाचे ‘कबोटी’ होऊन ते आडनावासारखे चिकटले.

शाळा हा शब्द होपींच्या इतिहासात सुखाचा नाही. अमेरिकन सरकारचे तत्कालीन धोरण असे होते की, मूळ रहिवाशांच्या मुलांस घरापासून दूर वसतिगृहांत ठेवावे, त्यांचे केस कापावेत, त्यांस स्वभाषेत बोलू देऊ नये, आणि अशा रीतीने एका पिढीत त्यांस ‘सुधारलेले’ करून सोडावे. मुलांस शाळेत धाडण्यास व जमिनीच्या सरकारी वाटणीस विरोध केला म्हणून १८९५ साली एकोणीस होपी पुरुषांस सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील आल्काट्राझ बेटावर कैदेत ठेवण्यात आले होते. पुढे याच प्रश्नावरून ओराइबी गाव दुभंगले. सप्टेंबर १९०६ मध्ये सरकारशी जुळवून घेणारा पक्ष व विरोध करणारा पक्ष समोरासमोर उभे राहिले. शस्त्र कोणी चालविले नाही. जमिनीवर एक रेघ ओढण्यात आली, आणि जो पक्ष रेटारेटीत रेघेपलीकडे ढकलला जाईल त्याने गाव सोडावे असे ठरले. विरोधकांचे पुढारी युकिओमा ढकलले गेले व त्याच सायंकाळी आपली माणसे घेऊन बाहेर पडले. त्यांनी वसविलेले होटेव्हिला गाव आजही रस्त्यावर लागते. सहा-सात वर्षांचे कबोटी या निर्वासितांत आपल्या मातापित्यांबरोबर होते. मागाहून ते कुटुंब शुंगोपावीस परतले. जन्मभर शाळेत शिकविण्याचे काम केलेल्या मनुष्यास हा इतिहास वाचताना अवघडल्यासारखे होते. विद्या देण्यासाठी आधी मुलाजवळचे जे आहे ते पुसून टाकावे लागते, ही समजूत किती ठिकाणी, किती सहजपणे रूढ झाली!

१९१५ साली कबोटी यांस न्यू मेक्सिकोमधील सँटा फे येथील सरकारी वसतिगृह-शाळेत पाठविण्यात आले. तेथे एक अकल्पित गोष्ट घडली. शाळेचे अधीक्षक जॉन डीहफ यांच्या पत्नी एलिझाबेथ डीहफ यांनी १९१८च्या सुमारास काही निवडक मुलांस आपल्या घरी बोलावून पुढ्यात कागद व जलरंग ठेवले. काय काढावे हे त्यांनी सांगितले नाही. शाळेची इमारत अथवा टेबलावरील फळे काढा, असेही म्हटले नाही. कबोटी यांनी काढले कात्सिना. पुढे वृद्धपणी आपल्या आत्मवृत्तात त्यांनी याचे कारण अगदी साधे सांगितले आहे: स्वजनांपासून फार दूर असलेला मनुष्य एकाकी होतो, आणि मग तो भोवतालचे रंगवीत नाही, मनात जे असते ते रंगवितो. १९१९ साली या मुलांच्या चित्रांचे सँटा फेच्या वस्तुसंग्रहालयात प्रदर्शन झाले. जी संस्था त्या मुलाच्या मनातून त्याचे गाव काढून टाकण्यासाठी उभारली होती, तिच्याच आवारात ते गाव कागदावर उतरले.

या चित्रांत प्रथम लक्षात येते ती त्यांची रिकामी पार्श्वभूमी. पुष्कळ चित्रांत आकाश नाही, पठार नाही, पायाखालची जमीनही नाही. कोऱ्या कागदावर आकृत्यांची केवळ एक रांग असते. एकाच तालावर, एकाच पायावर उचलली गेलेली. परंतु त्या आकृतींकडे जवळून पाहिले असता तपशिलाचा असा बारकावा दिसतो की डोळा थकावा. कमरेचे पांढरे सुती वस्त्र, त्याच्या काठावर विणलेली मेघांची व पावसाची चिन्हे. कमरबंदाच्या टोकास लोंबणाऱ्या लांबच लांब गोंड्यांच्या दोऱ्या, ज्या पडत्या पावसाच्या धारा होत. पाठीमागे लोंबणारे कोल्ह्याचे कातडे. उजव्या पायास गुडघ्यामागे बांधलेली कासवाच्या पाठीची खुळखुळणारी ढाल. उजव्या हातात वाळल्या भोपळ्याचा खुळखुळा. डाव्या हातात व गळ्याभोवती दूरच्या डोंगरावरून आणलेल्या सदाहरित वृक्षाच्या डहाळ्या. निमानच्या वेळी बहुधा येणारे ‘हेमिस’ कात्सिना मस्तकावर मेघांच्या आकारांचे उंच फळीवजा शिरोभूषण धारण करतात. ‘दीर्घकेशी’ कात्सिनाचे मोकळे सोडलेले काळे केस पाठीवर रुळतात, आणि त्यांत होपी मनुष्य रिमझिम पावसाची सर पाहतो.

हा बारकावा केवळ हौसेचा नव्हे. होपींच्या समजुतीप्रमाणे वायव्येचा रंग पिवळा, नैर्ऋत्येचा निळा, आग्नेयेचा तांबडा व ईशान्येचा पांढरा. कारण त्यांच्या दिशा उत्तरायण-दक्षिणायनाच्या वेळी सूर्य जेथे उगवतो व मावळतो त्या बिंदूंवरून ठरतात. म्हणून रंग बदलला की दिशा बदलते, आणि पिसांचा अथवा चेहऱ्यावरील खुणेचा फरक पडला की कात्सिनाच निराळा होतो. ज्यांनी विष्णूच्या चोवीस मूर्तींचा क्रम वाचला असेल त्यांस हे समजण्यास अडचण पडू नये. शंख, चक्र, गदा, पद्म ही आयुधे त्याच चार हातांत असतात, परंतु त्यांचा क्रम बदलला की केशवाचा नारायण होतो व नारायणाचा माधव. अशा ठिकाणी अचूकपणा हाच भक्तीचा प्रकार असतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने, गावापासून शेकडो मैल दूर, समोर कोणताही नमुना नसता हे सर्व स्मरणाने रेखाटले. यावरून चौकात उभे राहून तो लहानपणी किती एकाग्रतेने पाहत असला पाहिजे याची कल्पना येते.

परंतु येथे एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. जे पवित्र आहे ते कागदावर उतरवून परक्यांच्या हाती द्यावे काय? कबोटी यांच्या जन्माच्याच सुमारास, १८९९-१९००च्या हिवाळ्यात, जेसी वॉल्टर फ्यूक्स या मानववंशशास्त्रज्ञांनी काही होपी पुरुषांस कागद व रंग देऊन कात्सिनांची चित्रे काढविली होती. तो संग्रह १९०३ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. प्रथम गावकरी चित्रे पाहावयास कौतुकाने येत. मागाहून, हा जादूटोण्याचा प्रकार आहे, अशी बोलवा उठली व चित्रकारांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. भीती निराधार होती असे म्हणवत नाही. चित्र गावाबाहेर गेले की ते कोण पाहील व त्याचे काय करील, यावर गावाची सत्ता उरत नाही.

होपींच्या पूर्वजांनी स्वतःही चित्रे काढली होती. पहिल्या मेसाच्या आग्नेयेस अवाटोवी नावाचे उजाड गाव आहे. हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाने १९३५ ते १९३९ या काळात केलेल्या उत्खननात तेथील किवांच्या भिंतींवर गिलाव्याचे एकावर एक असे अनेक थर व त्यांतील कित्येकांवर विधिचित्रे सापडली. विधी झाला की चित्र लिंपून टाकावयाचे. पुढे पुन्हा नवे काढावयाचे. रोज सकाळी पुसून पुन्हा घातली जाणारी रांगोळी ज्या गृहिणींच्या बोटांतून उतरते त्यांस हे सहज उमगेल. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात १९४१ साली झालेल्या प्रदर्शनासाठी या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम कबोटी यांच्याकडेच आले. जे लिंपून टाकण्यासाठी काढले होते ते त्यांनी टिकण्यासाठी पुन्हा काढले. दोन्ही बाजू त्यांच्या एकाच हातात होत्या.

ते शहरात राहून नावलौकिक मिळवू शकले असते. परंतु १९३०च्या सुमारास ते शुंगोपावीस परतले, प्रौढ पुरुषांच्या पंथाची दीक्षा त्यांनी घेतली, विवाह केला, मका पिकविला. १९३७ ते १९५९ पर्यंत ओराइबी येथील शाळेत त्यांनी होपी मुलांस चित्रकला शिकविली. होपी रुपेरी कारागिरीस स्वतःची नक्षी मिळवून देण्यात पॉल सॉफकी यांच्या बरोबरीने त्यांचा मोठा वाटा आहे. १९४५ साली त्यांस गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यावर त्यांनी प्राचीन मिंब्रेस भांड्यांवरील आकृत्यांचा होपी दृष्टीने अर्थ लावणारे पुस्तक लिहिले व ते १९४९ साली प्रसिद्ध झाले. आपल्या वाचकांस विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे १९६० साली दिल्लीतील जागतिक कृषी-प्रदर्शनाच्या निमित्ताने ते अमेरिकेचे सदिच्छादूत म्हणून भारतात येऊन गेले. २८ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव मायकेल कबोटी (१९४२-२००९) हेही नामांकित चित्रकार होते.

कबोटी यांच्या बहुतेक प्रसिद्ध चित्रांत जे दिसते ते गावच्या चौकात, आयाबायांच्या व लेकरांच्या देखत, उघड्या आकाशाखाली होणारे नृत्य आहे. पाहणाऱ्यास ते रूप दाखवितात. त्यामागील मंत्र, व्रत, दीक्षेतील उपदेश यांविषयी चित्र मौन पाळते. आपल्या शास्त्रांत ‘अधिकार’ म्हणून जो शब्द आहे त्याचा अर्थ हल्ली सत्ता असा केला जातो. मूळ अर्थ पात्रता व तिच्याबरोबर येणारी जबाबदारी असा आहे. ज्याने त्या चौकात बालपण घालविले, ज्याने दीक्षा घेतली व जो त्याच गावात म्हातारा झाला, त्यास रूप दाखविण्याचा अधिकार होता, आणि कोठे थांबावे हेही तोच जाणत होता. फ्यूक्स यांच्या संग्रहातील चित्रेही होपी हातांनीच काढलेली होती. परंतु काय काढावे हे परक्याच्या प्रश्नावलीने ठरविले होते. हा भेद सूक्ष्म आहे, पण खरा आहे.

तो भेद न ओळखल्यास काय होते याची उदाहरणे अलीकडचीच आहेत. १९९२ साली अमेरिकेतील एका चित्रकथा-मासिकाने कात्सिनांस गुंडांच्या वेषात रंगविले. त्यानंतर कित्येक होपी गावांनी आपली कात्सिना-नृत्ये परक्यांस बंद केली. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिस येथे सुमारे सत्तर पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला. होपी त्या मुखवट्यांस वस्तू मानीत नाहीत, ‘मित्र’ म्हणतात. जमातीने विनंत्या केल्या, प्रकरण न्यायालयात गेले, तरी लिलाव थांबला नाही. त्याच वर्षी डिसेंबरातील दुसऱ्या लिलावात ॲनेनबर्ग प्रतिष्ठानाने गुप्तपणे बोली लावून चोवीस वस्तू पाच लक्ष तीस हजार डॉलरांस विकत घेतल्या, त्या केवळ परत करण्यासाठी. त्यांपैकी एकवीस होपींच्या होत्या. आपल्याच मित्रांची घरवापसी दुसऱ्याच्या दानशूरपणावर अवलंबून राहावी, ही स्थिती कोणत्याही समाजास सुखाची नव्हे.

आज होपी गावांच्या वेशीवर पाट्या लावलेल्या दिसतात: छायाचित्र घेऊ नये, ध्वनिमुद्रण करू नये, रेखाटनही करू नये. नवख्या प्रवाशास हा निर्बंध कडक वाटतो. परंतु आपल्या घरच्या देवघराच्या उंबऱ्याशी उभे राहून कोणी कॅमेरा रोखला असता आपणांस काय वाटले असते, याचा क्षणभर विचार केला म्हणजे पाटीचा राग येत नाही.

ज्या वाचकांस त्या बाजूस जाण्याचा योग येईल त्यांनी कॅमेरा गाडीतच ठेवावा. दुसऱ्या मेसावर १९७१ पासून होपी सांस्कृतिक केंद्र आहे; ते उभारण्यात कबोटी अग्रभागी होते. कोणते गाव पाहता येईल व कोणते नृत्य परक्यांस खुले आहे याची तेथे नम्रपणे चौकशी करावी. नाही म्हणतील तर वाईट वाटून घेऊ नये. होलब्रूक शहराच्या बाजूस, पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातील ‘पेंटेड डेझर्ट इन’ या जुन्या वास्तूत त्यांनी १९४८ साली पुऱ्या केलेली भित्तिचित्रे आहेत; त्यांत मीठ आणण्यासाठी दूरच्या सरोवराकडे निघालेले होपी पुरुष आहेत. ती पाहावीत, डेझर्ट व्ह्यूचा मनोरा पाहावा. होपींपैकीच एकाने जेवढे दाखविण्याचे ठरविले तेवढे तेथे आहे, आणि निवांतपणे पाहू लागले तर तेही एका दिवसात पाहून संपत नाही.